३१ डिसेंबरची रात्र तंबूत: कुठे जावे आणि विस्तवावर काय शिजवावे?

सांजवारा (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. यंदा ३१ डिसेंबरची रात्र दोन कुटुंबांनी मिळून उघड्यावर, तंबूत घालवावी असा आमचा विचार आहे. आम्ही एकूण नऊ जण आहोत. त्यांत नऊ ते तेरा या वयाची तीन मुले आणि माझी बहात्तर वर्षांची आई आहे. आई तब्येतीने खमकी असली तरी गुडघ्यांमुळे तिला चढण जमणार नाही.

गेल्या वर्षी हाच बेत आम्ही एका जलाशयाकाठच्या कॅम्पवर, पैसे आगाऊ भरून केला होता आणि तो पुरता फसला. शंभराहून अधिक तंबू एकमेकांना खेटून उभे होते, रात्री दीड वाजेपर्यंत ध्वनिवर्धक चालू होते, आणि बार्बेक्यू म्हणून हातात जे पडले ते बाहेरून करपलेले व आतून गार असे पनीर होते. मुलांना शेकोटीचे अप्रूप होते. ती शेकोटी म्हणजे लोखंडी टोपलीत रॉकेल ओतून पेटवलेली चार लाकडे. ती पाऊण तासात विझली आणि पुढच्या लाकडांचे वेगळे पैसे मागण्यात आले.

म्हणून यंदा स्वतःच सगळे करावे असे वाटते. गर्दी नसेल अशी जागा कोणती, आणि विस्तवावर शिजवण्यासारखे, फार भांडी न लागणारे, मुलांचेही हात लागतील असे कोणते पदार्थ करावेत, हे कृपया सुचवावे. आमच्यापैकी चुलीचा सराव फक्त आईला आहे, आणि त्या रात्री तरी तिने चुलीपुढे बसू नये अशी माझी इच्छा आहे.

घाटवाट यांचे उत्तर

प्रथम कुठे जाऊ नये ते सांगतो, कारण हा प्रश्न दर डिसेंबरमध्ये येतो आणि निम्मी उत्तरे गडांची नावे देऊन मोकळी होतात. गडावर मुक्कामाचा विचारही करू नका. ३१ डिसेंबरला अनेक गडांच्या पायथ्याशी पोलीस, वनविभागाचे कर्मचारी आणि दुर्गप्रेमी संस्थांचे कार्यकर्ते पहाऱ्याला असतात, आणि ते असायलाच हवेत. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई हा सारा परिसर अभयारण्यात मोडतो, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अभयारण्यात आग लावण्यास मनाई करतो. राखीव वनातही वनाधिकाऱ्याने मुभा दिलेला काळ सोडून विस्तव पेटवणे किंवा बाळगणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी डिसेंबरअखेरीस सह्याद्रीतले गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीने आख्खा डोंगरउतार काळा होतो. शिवाय कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात आणि धुराने ती उठतात. एकदा मोहोळ उठले की पळायला वाट सापडत नाही, हे मी एका मित्राच्या सुजलेल्या चेहऱ्यावरून शिकलो आहे.

आपल्यासारख्या कुटुंबाने गावातल्या कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर, त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीखाली तंबू लावावेत. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर या रस्त्याने भंडारदऱ्याकडे गेलात तर रतनवाडी, साम्रद, उडदावणे या गावांत अनेक घरी अशी सोय होते. तेथेही शेकोटी कुठे चालेल, हे यजमानांना विचारूनच ठरवावे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर अगदी गावात आहे, त्यामुळे आपल्या आईंनाही ते सहज पाहता येईल. मात्र ३१ तारखेला भंडारदऱ्याच्या काठावरही गर्दी असते. ३० डिसेंबर किंवा २ जानेवारी चालत असेल तर तोच परिसर निराळा वाटेल. तारखेचा एवढा हट्ट का धरायचा, हे मला कधी कळलेले नाही.

तंबूविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. तंबू पाण्याच्या अगदी काठावर लावू नये. तेथे दंव अधिक पडते आणि पहाटे तंबू आतून-बाहेरून ओला होतो. दुसरी गोष्ट प्राणाशी निगडित आहे. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले तंबूत कदापि घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. आईंसाठी खाली जाड सतरंजी किंवा पेंढा अंथरा, कारण थंडी अंगावरून लागते त्यापेक्षा जमिनीतून अधिक लागते.

पेणची माती यांचे उत्तर

घाटवाट यांच्याशी सहमत आहे, परंतु आपण जागेपासून सुरुवात केलीत तिथेच गफलत आहे, असे मला नम्रपणे वाटते. आधी विस्तवावर काय करायचे ते ठरवा, मग जागा आपोआप ठरेल. या दिवसांत जे पिकते तेच विस्तवावर सर्वांत चांगले लागते, आणि आमच्या रायगड जिल्ह्यात त्याचे उत्तर एकच आहे: पोपटी, म्हणजे मडक्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगा.

भात कापून झाले की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर आम्ही वाल पेरतो. त्याच्या शेंगा डिसेंबरच्या शेवटी धरू लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत भरतात. म्हणजे ३१ डिसेंबर हा पोपटीच्या हंगामाचा उंबरठा आहे. शेंगा मिळतील, पण आधी एखाद्या शेतकऱ्याला विचारून ठेवावे. दुसरी अत्यावश्यक वस्तू म्हणजे भांबुर्ड्याचा पाला. हे झुडूप आमच्याकडे बांधावर आपोआप उगवते आणि त्याला उग्र, काहीसा ओव्याच्या जवळ जाणारा वास असतो. पुण्यात तो ओळखण्याच्या फंदात पडू नका, गावातल्या माणसालाच आणायला सांगा. पाला मिळाला नाही म्हणून केळीची पाने लावणारे लोक आहेत. त्यांच्या मडक्यातल्या शेंगा शिजतात, यापलीकडे मी काही बोलणार नाही.

कृती अशी. मातीच्या मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला दाबून लावावा. शेंगा धुऊन त्यांना जाडे मीठ आणि ओवा चोळावा, आणि त्यांचा एक थर मडक्यात द्यावा. त्यावर सालासकट बटाटे, रताळी, लहान कांदे आणि हवी असल्यास अंडी ठेवावीत. मांसाहारी मंडळी कोंबडीच्या तुकड्यांना आले-लसूण, हळद, तिखट व मीठ लावून ते केळीच्या पानात गुंडाळून मधल्या थरात ठेवतात. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, असे करत मडके गच्च भरावे आणि तोंडाशी पाल्याचा असा बोळा कोंबावा की मडके पालथे केल्यावर आतले काही सरकू नये. आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही, तेलही नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावरच सगळे वाफवते.

मग मोकळ्या, गवत साफ केलेल्या जागी मडके पालथे घालून त्याभोवती काटक्या, गोवऱ्या आणि पेंढा रचावा व पेटवावा. जाळ चहूबाजूंनी सारखा लागला पाहिजे. एका अंगाला वारा असेल तर त्या अंगाच्या शेंगा कच्च्या राहतात. साधारण अर्धा तास ते चाळीस मिनिटे लागतात. मडके तापले की त्यावर पाण्याचे चार शिंतोडे मारून पाहावेत. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडाले, तर पोपटी झाली असे समजावे. जाळ बाजूला सारून मडके ओल्या पोत्याने धरून उचलावे आणि कागदावर किंवा केळीच्या पानांवर उपडे करावे. ती वाफ बाहेर येते तेव्हा सगळे गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

मुलांसाठी याहून चांगला खेळ नाही. मीठ चोळणे, थर लावणे, काटक्या गोळा करणे ही सगळी कामे त्यांची. जाळापाशी मात्र एकच मोठा माणूस असावा आणि पाण्याची भरलेली बादली हाताशी असावी. आईंना खुर्चीत बसवून ‘आता उतरवा’ म्हणण्याचा अधिकार द्यावा. त्यांना चुलीचा अंदाज आहे, तो वाया का घालवायचा? अलिबाग, पेण, रोहा या बाजूला ओळखीचे शेत मिळाले तर तंबूही तिथेच लावता येतील, आणि कोकणातली थंडी भंडारदऱ्यापेक्षा पुष्कळ सौम्य असते.

काळी जमीन (बार्शी) यांचे उत्तर

पोपटीला नावे ठेवायची नाहीत, पण सोलापूरकडच्या हुरड्याचा उल्लेख न होता हा धागा पुढे सरकावा हे बरे दिसत नाही. रब्बी ज्वारीची कणसे चिकात आली की हुरडा सुरू होतो. लवकर पेरलेल्या रानात डिसेंबरअखेरीस तो मिळतो, संक्रांतीच्या सुमारास तो ऐन भरात असतो. कोणत्याही ज्वारीचा हुरडा चांगला होत नाही. आमच्याकडे भाकरीला मालदांडी आणि हुरड्याला सुरती किंवा गूळभेंडी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ हे वाणही काढलेले आहे.

यासाठी भांडे अजिबात लागत नाही. जमिनीत वीतभर खोल आगटी करायची, तीत गोवऱ्या फुलवायच्या आणि धूर पूर्ण थांबून लाल आर राहिला की कणसे त्यात खोचायची. भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातावर चोळले की दाणे सुटे होतात. ते शेंगदाण्याच्या किंवा लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर खावेत. गार झालेला हुरडा खाण्यात अर्थ नाही, म्हणून चोळणारा आणि खाणारे जवळजवळ बसतात. तेच कारण आहे की हुरड्याच्या आगटीभोवती गप्पा रंगतात.

जाता जाता एक आठवण देतो. आमच्या बाजूला आणि लातूर, धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला घरेच्या घरे रानात जेवायला जातात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असा स्वयंपाक घरून नेतात आणि ओळखीच्या-अनोळखी कोणालाही हाक मारून पंगतीला बसवतात. ही अमावस्या डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी येते. तेव्हा वर्ष सरताना उघड्यावर जेवणे ही शहरातून आलेली टूम आहे असे कोणी म्हणाले, तर ते आमच्याकडे तरी पटणार नाही.

वऱ्हाडी पाहुणा यांचे उत्तर

रोडग्यांचे नाव कोणीच घेतले नाही म्हणून लिहितो. गव्हाची जाडसर कणीक, तेलाचे मोहन, मीठ आणि ओवा एवढेच घालून घट्ट भिजवावी, तिचे गोळे करावेत आणि धूर संपलेल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर उलटपालट करत भाजावेत. शेवटी गरम राखेत झाकून ठेवले की आतपर्यंत शिजतात. राख झटकून, फोडून, वर तुपाची धार सोडून वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खावेत. भाजी जमत नसेल तर त्याच निखाऱ्यात वांगी खुपसा आणि भरीत करा. लाकडाच्या कोळशावर रोडगे करपतात, त्यामुळे गोवऱ्यांना पर्याय नाही.

सांजवारा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. आईने चष्मा काढून ठेवत ‘अर्धा तास नाही, चाळीस मिनिटेच लागतात’ असे सांगितले. तिचे बालपण रोह्याजवळच्या गावात गेले, हे मला ठाऊक होते; पोपटी तिने स्वतः रचलेली आहे, हे मात्र बहात्तराव्या वर्षी प्रथमच कळले.

त्यामुळे भंडारदरा रद्द झाला आहे. तिच्या मावसभावाच्या शेतात, घरापासून हाकेच्या अंतरावर तीन तंबू लावायचे ठरले, म्हणजे आई रात्री घरात निजेल आणि मुले तंबूत. संध्याकाळी पोपटी, सकाळी त्याच जागी गोवऱ्या पेटवून रोडगे आणि वांग्याचे भरीत. हुरडा संक्रांतीनंतर बार्शीकडे येऊनच खाऊ. एक शंका उरली आहे: मडके पुण्याहून न्यावे की तिकडेच घ्यावे, आणि ते चांगले आहे हे कसे ओळखावे?

पेणची माती यांचे उत्तर

तिकडेच, आठवडे बाजारात घ्यावे. गाडीच्या डिकीत मडके टिकत नाही. एक नव्हे, दोन घ्या. बोटाने टिचकी मारून पाहावे: खणखणीत आवाज आला तर घ्यावे, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. तोंड इतके रुंद असावे की मुलांचा हात कोपरापर्यंत आत जाईल, नाहीतर थर नीट लागत नाहीत. आणि आईंचे बरोबर आहे, चाळीसच मिनिटे. मी अर्धा तास लिहिले ते भूक लागलेल्यांसाठी.