पशुपतिनाथला जायला पासपोर्ट लागतो का?

परळीकर: माय ६८ वर्षांची. परळी, औंढा, वेरूळ झालं, केदारनाथही झाला. आता एकच धोशा, पशुपतिनाथ झाल्याबिगर केदार पुरा होत नाही. घरात पासपोर्ट कुणाचाच नाही. गल्लीतले म्हणतात आधारवर सोडतात. मी ४१ चा, लेक १२ ची. खरं काय?

नांदेडचा भाऊ: दादा, आपल्याला नेपाळचा व्हिसा नाहीच. पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड पाहिजे. ६५ च्या पुढं अन् १५ च्या आत असलेल्यांना मात्र आधार, पॅन, फोटोचं रेशन कार्ड चालतं. म्हणजे माय अन् लेक सुटल्या, अडकणार तुम्हीच!

परळीकर: मतदान कार्ड आहे बगा, पण फोटो कॉलेजातला. मिशी फुटलेली नव्हती.

नांदेडचा भाऊ: असू द्या. मूळ कार्ड घ्या, झेरॉक्सच्या भरवशावर निघू नका.

लातूरची ताई: विमानानं की गाडीनं? स्वतःची गाडी असंल तर गोरखपूरहून सोनौलीची नेपाळ सीमा गाठा. पलीकडं गेलं की गाडीचा भन्सार, म्हंजे तिथला सीमाशुल्क, भरायचा, तो दिवसावर असतो. परतायचा दिवस जरा पुढचाच सांगा. मूळ आरसी अन् लायसन विसरू नका. आईंना गाडीत एवढं लांब बसवंल का, तेही बघा.