मदत हवी आहे : अंगणातल्या तळ्याला बाहेर ठेवायचा पंप, अर्धा एचपी की एक एचपी? (सोलापूर)

अंगणतळं :
नमस्कार. विजापूर रोडला राहतो. अंगणात तळं बांधलंय, त्यावर छोटा धबधबा आहे. पंप बाहेरच ठेवायचाय, पाण्यात सोडायचा नाही. आत्ता घरातलाच जुना अर्धा एचपीचा लावलाय, पण धार करंगळीएवढी येते. दुकानदार म्हणतो एक एचपी न्या. घेऊ का? कुठला चांगला? शनिवारी दुकानात जायचंय, लवकर सांगा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, आईला ते बघवत नाही.

वाइंडिंगवाला :
मालक, तळं किती बाय किती? खोली किती? पंप पाण्यापासून किती लांब, किती उंचावर? सक्शनचा, म्हणजे पाणी ओढून घेणारा पाइप कितीचा? हे कळल्याशिवाय एचपी सांगणं म्हणजे माप न घेता कापड फाडणं.

कमळवेडी :
रात्री पंप बंद ठेवता ना? त्यामुळेच मासे पहाटे वर येतात. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मुरतो, शिवाय अंधारात शेवाळ आणि झाडंही तोच वापरतात. पहाटे सगळ्यात कमी उरतो. पंप रात्री आधी चालवा, दिवसाचं नंतर बघू. आणि बाहेरचा कशाला? माझा पाण्यातला पंप तीन वर्षं न कुरकुरता चालू आहे.

अंगणतळं :
१२ बाय ८ फूट, खोली ३. पाणी बोअरचं. पंप सकाळी ९ ते ६ चालवतो, बिलाच्या भीतीने रात्री बंद. पाण्यातला आधी होता. आईने पानं काढायला हात घातला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पंपाची वायर सालीत चिरली होती. त्या दिवसापासून पाण्यात वीज नको, हे घरात ठरलंय. म्हणून पंप मागच्या शेडमध्ये अडीच फुटांच्या ओट्यावर ठेवलाय, पावसात भिजू नये म्हणून. पाइप पाऊण इंची.

होटगीरोडकर :
मला एक विचारायचंय, राग मानू नका. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या शहरात आठ हजार लिटर अंगणात साठवायचं? आमच्या गल्लीत मे महिन्यात बायका टँकरमागे घागरी घेऊन धावतात. बोअरचं पाणी सगळ्यांच्याच जमिनीखालचं आहे.

अंगणतळं :
दादा, तुमचं म्हणणं खरं आहे. वडिलांनी हे तळं पक्ष्यांसाठी बांधलं होतं, ते गेल्यावर मोडवेना. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी टाकतो, निम्मं पाणी बदललं की ते नारळाला आणि जास्वंदीला जातं, गटारात एक बादली जात नाही. पण आता पंपाचं सांगा ना कुणीतरी.

अक्कलकोटनाका :
सोलर घ्या. आपल्याकडे ऊन आहे, बिल शून्य. मी शेतावर लावलाय, विषय संपला.

कमळवेडी :
पण त्यांचे मासे रात्री गुदमरतायत, उन्हात नाही.

अक्कलकोटनाका :
बॅटरी लावायची.

कमळवेडी :
पाच वर्षांत बॅटरी बदलायचा खर्चही सांगा मग. त्यापेक्षा हवेचा छोटा पंप घ्या, नळीला हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड लावून तळाशी सोडा. मोटर बाहेर राहते, पाण्यात फक्त नळी. धबधबा दिवसा, हवा रात्री.

वाइंडिंगवाला :
हवेचा पंप आजच आणा, माझीही संमती. फक्त तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं मोटरीत येतं.

आता मूळ प्रश्न. घरातला तो टुल्लू टाकी भरायला केलेला असतो. त्याचं काम थोडं पाणी खूप उंच चढवणं. तुम्हाला हवंय भरपूर पाणी, थोड्या उंचीवर. शिवाय त्याच्या इंपेलरमध्ये (आतलं फिरणारं चाक) आणि बॉडीमध्ये कागद सरकेल एवढीच फट असते. त्यात शेवाळ आणि बोअरच्या क्षाराची कपची अडकली की घासत घासत जातो. महिन्याला दोन-तीन तरी माझ्याकडे उघडायला येतात.

आठ हजार लिटर पाणी दोन तासांत एकदा फिरावं, म्हणजे ताशी ४००० लिटर. एक एचपी चोवीस तास चालवला तर दिवसाला वीस युनिटांच्या वर जाईल, महिन्याचं गणित तुम्हीच करा. पाण्याबाहेर ठेवूनही चालणारे तळ्याचे पंप मिळतात. १०० वॅटचा म्हणजे महिन्याला ७२ युनिट. दुकानात एचपी विचारू नका, 'दोन मीटर हेडला ताशी किती लिटर' ते विचारा; हेड म्हणजे पाणी चढवायची उंची. खोक्यावर मोठ्या आकड्यात छापलेलं ६००० ते शून्य हेडचं असतं, तक्ता उघडून दाखवायला सांगा.

पण या पंपांना स्वतः पाणी ओढता येत नाही. ते पाण्याच्या पातळीखालीच बसले पाहिजेत.

बागेतलेकाका :
मग खड्डा खणा, दोन बाय दोनचा, त्यात पंप बसवा. माझा तसाच आहे, पुण्यात.

वाइंडिंगवाला :
काका, पुण्याचं पुण्यात. इथे विजापूर रोडला काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्याच्या भिंती फुटतील आणि जून-जुलैत पंप पाण्याखाली जाईल. त्या माणसाला तर पाण्यात वीजच नकोय.

बागेतलेकाका :
खाली सिमेंट आणि एक निचऱ्याचा पाइप, एवढं केलं की काही होत नाही. तुम्ही उगाच घाबरवताय.

वाइंडिंगवाला :
निचरा काढणार कुठे, सपाट अंगणात? मालक, तुमच्या तळ्याला कठडा आहे का? जमिनीच्या वर?

अंगणतळं :
आहे की, दीड फूट. वडील त्यावर बसून पेपर वाचायचे. पाणी कठड्याच्या काठाखाली वीतभर असतं. दीड फूट जमिनीच्या खाली आहे. हे सांगायचं राहिलं.

वाइंडिंगवाला :
अहो मग खड्डा कशाला! पाणी जमिनीच्या जवळजवळ एक फूट वर आहे. पंप कठड्याला लागून जमिनीवर, एका विटेवर ठेवा. पाणी आपोआप पंपात उतरेल. तुम्ही त्याला अडीच फूट वर नेऊन पाऊण इंचीतून ओढायला लावताय, म्हणून करंगळी.

कठड्याला जमिनीपासून चार बोटं वर दीड इंची टँक निपल (भिंतीतून आरपार जाणारी आट्यांची छोटी नळी) बसवा, दोन्हीकडून वॉशर. भोक छिन्नीने नको, कोअर कटरने (गोल भोक कापणारं मशीन) पाडा, नाहीतर प्लास्टरला तडे जातील. बाहेर लगेच बॉल व्हॉल्व्ह, मग पंप. पुढचा पाइपही दीड इंचीच. पंप जमिनीवर असल्याने एखादा जॉइंट रात्री निसटला तरी पाणी जमिनीच्या पातळीपर्यंतच उतरेल, खालच्या दीड फुटात मासे जगतील. वर पत्र्याची पेटी ठेवा, हवा खेळती राहील अशी.

आणि पंपाच्या आधी ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. पंप बाहेर असला तरी पाणी पाइपातून जोडलेलंच असतं. चालू केल्यावर टेस्टचं बटण दाबून बघा, खट्कन पडली पाहिजे. अर्थिंगही तपासून घ्या. हे झाल्याशिवाय आईंना पाण्यात हात घालू देऊ नका.

अंगणतळं :
अण्णा, आत्ताच धबधब्याखाली बादली धरून मोजलं. वीस लिटरला ४८ सेकंद लागले.

वाइंडिंगवाला :
म्हणजे ताशी १५००. तळं एकदा फिरायला पाच तासांच्या वर, आणि चालतो नऊ तास. मासे वर येणारच.

अंगणतळं :
हवेचा पंप आणला, रात्री लावतोय. शनिवारी वायरमन आरसीसीबी बसवायला येतोय, मी दुकानात तक्ता बघूनच पंप घेईन. निपल बसवायला पाणी कितीपर्यंत उतरवू?

वाइंडिंगवाला :
भोकाच्या वीतभर खाली. उपसलेलं पाणी नारळाला द्या. भरताना बोअरचं पाणी एकदम सोडू नका, बारीक धारेने दोन दिवसांत भरा.