लाकूड, गॅस, शेण्या की विद्युतदाहिनी? आईच्या शेवटच्या इच्छेवरून घरात वाद झाला, तुमचं मत सांगा

मीनल_क (पुणे)
मार्गशीर्षात आमची आई गेली, ७८ वर्षांची होती, रात्री झोपेतच गेली. दोन वर्षांपूर्वी तिने कालनिर्णयच्या जुन्या पानामागे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: मला लाकडावर जाळू नका, विद्युतदाहिनीत न्या, डोळे द्या, रक्षा नदीत नको, परसातल्या सोनचाफ्याला घाला, तेराव्याचं जेवण घालू नका, ते पैसे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीच्या फीला द्या. खाली सही आणि तारीख.
आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. पहाटे मामा आले आणि कागद वाचून म्हणाले, माझ्या बहिणीला मी भट्टीत घालू देणार नाही. आई हॉलमध्ये, डोक्याशी दिवा, आणि आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात भांडतोय. शेवटी कागदाप्रमाणेच केलं. तोंडात तुळशीचं पान, पाणी, मडकं, सगळं दाहिनीच्या बाहेर झालं, मडकं मी धरलं होतं. रुळांवरची ट्रॉली आत गेली, दार खाली आलं. तिथला माणूस म्हणाला, ताई, घाई नाही, थांबा हवं तेवढं. मामा अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.
एका चितेला ३००-४०० किलो लाकूड लागतं. आयुष्यभर दाराशी झाडं लावलेल्या बाईने ते नको म्हटलं तर यात अपमान कुठे झाला? मला मनापासून वाटतं की जाणाऱ्याने लिहून ठेवलं असेल तर मागच्यांनी तेच करावं.

भाऊसाहेब_दे
ताई, आधी सांत्वन. पण मी तुमच्या मामांच्या बाजूचा आहे. माझे वडील गेले तेव्हा चितेपासून दहा पावलांवर दगडी पायरीवर आम्ही चुलत-सख्खे सगळे तीन तास बसलो होतो. कुणी बोलत नव्हतं, मधेच एखादा काका वडलांची जुनी आठवण सांगायचा. कवटी फुटल्याचा आवाज आला, थोरले काका म्हणाले "चला", आणि तेव्हा कुठे मला कळलं की दादा गेले. त्या तीन तासांनी माझं मन तयार केलं. दाहिनीत काय, दार बंद, पुढचा नंबर. गेलेल्या माणसाला काही कळत नाही, अंत्यविधी मागे राहिलेल्यांसाठीच असतो, मग निर्णय एकट्या कागदाचा कसा?
आणि पर्यावरण म्हणाल तर वीज येते कुठून, कोराडी आणि चंद्रपूरच्या कोळशातूनच ना?

कागलकर
आमच्या कोल्हापुरात या भांडणाला जागाच नाही. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका मोफत दहन करते, आणि ते मुख्यतः शेण्यांवर (तुम्ही गोवऱ्या म्हणता त्या). होळी आली की तालमी, मंडळं, गल्लीतली पोरं होळी लहान करून ट्रॉल्या भरभरून शेण्या स्मशानाला दान देतात. कोविडच्या वेळी लोकांनी गावागावांतून शेण्या पाठवल्या. चितेजवळ बसता येतं, अग्नी हाताने देता येतो, झाड तुटत नाही, गरिबाला खिशात हात घालावा लागत नाही. भाऊसाहेबांचंही राहतं आणि मीनलताईंच्या आईचंही.

मीनल_क
@भाऊसाहेब_दे कोळशाचं बरोबर आहे, पण एक तर दाहिनीत साधारण दीड तासात होतं, आणि दुसरं म्हणजे वीज उद्या सौर होऊ शकते, तोडलेलं झाड परत उभं राहत नाही. तुमचे ते तीन तास मला खरंच कळतात हो. आम्हीही बाहेर कडुनिंबाखाली दोन तास बसलो, रक्षा हातात मिळेपर्यंत. बसायला कुणी अडवत नाही, लोकच घड्याळ बघून निघतात.
@कागलकर शेण्यांचं माहीत असतं तर मामांना तेवढं तरी सुचवलं असतं.

रानमाळ
गावाकडचं सांगतो. आमच्याकडं दाहिनी नाही, गॅस नाही, कितीतरी वाड्यांवर साधं पत्र्याचं शेड पण नाही. श्रावणात माझी चुलती गेली, लाकडं ओली, मग डिझेल टाकलं, साखर टाकली, शेवटी कुणीतरी जुनं टायर आणलं. तो काळा धूर आणि तो वास, दोन दिवस नाकातून जात नव्हता. ज्या बाईनं जन्मभर चुलीचा धूर खाल्ला तिला शेवटी टायरचा धूर. आधी प्रत्येक गावाला शेड आणि कोरडी लाकडं द्या, पर्यावरण त्यातच आलं.
आणि खर्च लाकडात नसतोच, बांधावरची बाभूळ असतेच. खर्च असतो तेराव्यात. आचारी, मंडप, भावकीला टॉवेल-टोपी, लेकीबाळींना साड्या. चुलत भावानं त्यासाठी व्याजानं पैसे काढले, तीन हंगाम झाले अजून फेडतोय. मीनलताईंच्या आईनं कागदावर जे शेवटी लिहिलं तेच मला सगळ्यात मोठं वाटतं.

भाऊसाहेब_दे
@रानमाळ टायरचं ऐकून वाईट वाटलं, ते कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पण जेवण बंद करा म्हणणं मला पटत नाही. लांबून एसटीने आलेला पाहुणा उपाशी पाठवायचा का? वरण-भात-भाजी घाला, साड्या-टोप्या बंद करा, इथवर मी येईन.

सुलभा_जोशी
मला एवढंच म्हणायचंय की मडकं मुलीने धरायला नको होतं. मामा होते ना? शास्त्राने ज्या गोष्टी ठरवून दिल्यात त्या आपण किती बदलायच्या.

मातीचा_माणूस
@सुलभा_जोशी सुलभाताई, २८ नोव्हेंबर १८९० ला पुण्यात महात्मा फुले गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवं (म्हणजे तेच मडकं) धरण्यावरून नातलगांनी वाद काढला, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं. त्याला आता १३० वर्षांहून जास्त झाली. जोतिरावांची इच्छा तर दहन नको, मिठात घालून पुरा अशी होती, मृत्युपत्रात लिहिलेली. घरामागे खड्डाही तयार होता, पण वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही म्हणून दहन करावं लागलं. म्हणजे कागद लिहून ठेवणं ही काही आजची फॅशन नाही.
आम्ही लिंगायत. आमच्यात बसवून समाधी देतात, लाकडाचा प्रश्नच येत नाही. माती, विभूती, बेलपत्र, झालं. शहरात मात्र जागा मिळत नाही आणि वर सिमेंटचा चौथरा बांधायची नवी हौस आलीय, ती मला अजिबात पटत नाही.

शरीररचना_शिक्षिका
देहदानाचा विषय निघाला नाही म्हणून लिहिते. मी मेडिकल कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षाची मुलं पहिल्या दिवशी देहासमोर हात जोडून उभी राहतात, ते बघताना माझे डोळे आजही भरतात. खर्च जवळजवळ नाही, लाकूड नाही, धूर नाही. पण नुसता फॉर्म भरून कपाटात ठेवू नका, घरच्यांना सांगा, कारण ऐन वेळी फोन त्यांनाच करायचा असतो. पोस्टमॉर्टेम झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह घेत नाहीत, म्हणून दुसरा पर्यायही लिहून ठेवा. आणि गॅस किंवा विद्युतदाहिनीत नेणार असाल तर पेसमेकर आधी काढून घ्यायला सांगा, उष्णतेने तो फुटतो.

सुलभा_जोशी
सावित्रीबाईंचं मला माहीत नव्हतं. तरी रक्षा झाडाला घालणं मनाला लागतंच. माझ्या सासूबाईंच्या अस्थी आम्ही रामकुंडात सोडल्या, त्यांची तीच इच्छा होती. ती पण इच्छाच ना?

मीनल_क
@सुलभा_जोशी हो, इच्छाच, आणि तुम्ही ती पाळलीत. सोडताना हार, प्लॅस्टिकची पिशवी, कपडे पाण्यात गेले नसतील तर मला त्यावर काहीच म्हणायचं नाही.

कागलकर
रक्षा झाडाला घालताना एक लक्षात ठेवा, राख खारी असते, एकदम मुळाशी ओतली तर झाड जळतं. आमच्याकडं शेतात घालतात तेव्हा भरपूर माती आणि शेणखतात कालवून मोठ्या आळ्यात पसरतात.

रानमाळ
मीनलताई, डोळे कसे दिले ते सांगा. आमचे आजोबा म्हणतायत द्यायचे, पण तालुका लांब आहे. ऐंशीच्या पुढं आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन पण झालंय. चालतात का?

मीनल_क
@रानमाळ दादा, वयाची अडचण नाही आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, आईचंही झालं होतं. सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. गेल्याबरोबर फोन करायचा, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी. आमच्याकडे पहाटेच माणसं आली, वीसेक मिनिटांत झालं, चेहरा होता तसाच होता. मामा तेव्हा तिच्या पायाशी बसून कापूस ओला करत होते.