अनुभव धागा : हात जोडले बाबा! (इंदूरकरांनो, तुमचे किस्से लिहा)

धागाकर्ती : कॉलनीच्या ग्रुपवर 'आज नर्मदेचं पाणी येणार नाही' असं कुणी लिहिलं की खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. वाढदिवसाला तेच, तेराव्याच्या निरोपालाही तेच. हे चित्र मूळचं जपानी मोबाइलांवरचं, २०१० मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांच्या सामायिक चिन्हसंचात आलं. तिकडे विनवणीला, आभाराला चालतं. आपल्याकडे मात्र कशालाही चालतं! तुम्ही कधी पाठवता? वर केलेल्या अंगठ्याच्या चित्राचे किस्सेही येऊ द्या.

रामबागची आजी : पाडव्याला कॅलिफोर्नियातल्या भाच्याने जोडलेले हात पाठवले. म्हणजे वाकून नमस्कारच की. पण आशीर्वादाचा हात कुठून आणू? उघडा तळवा सापडला, तोच ठोकला. नात म्हणते, "आजी, हा 'थांब' सांगायला असतो." असू दे. देवांच्या तसबिरीत वेगळा असतो का?

परदेशी इंदुरी : आजी, इथे जोडलेले हातही काहींना दोघांची टाळी वाटतात. आयफोनवर पूर्वी त्यांच्यामागे पिवळे किरण असत, त्याने संशय आणखी वाढला.

सोयाबीनवाला : अंगठ्याशी खेळ नको भिया. कॅनडात सास्काचेवानमधल्या एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो आला, त्याने अंगठा टाकला, माल काही दिला नाही. म्हणे, 'कागद मिळाला' एवढंच सांगायचं होतं. आधीचे सौदे तो 'ओके' वगैरे लिहूनच पक्के करायचा, ते अंगाशी आलं. २०२३ मध्ये कोर्टाने अंगठा म्हणजे सहीच धरली. भरपाई ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर. पुढे अपिलातही तेच कायम राहिलं. आमचे सासरे भाव ऐकला की अंगठा टाकतात, अर्थ फक्त 'ऐकलं'. ही केस सांगितल्यापासून ते हात जोडून राहिलेत. त्यात कबूलही नाही, नकारही नाही.

स्नेहलतागंजची सून : सासूबाईंच्या लांबलचक मेसेजला अंगठा दिला की नणंदेला फोन जातो, "एवढंच?" जोडलेले हात दिले की दोन्हीकडे शांतता. माझ्या मनात तेव्हा 'आता पुरे' असतं, ते सोडा.

रामबागची आजी : सोयाबीनवाले भिया, सासऱ्यांना विचारून सांगा. मुंजीच्या आमंत्रणाखाली निम्म्या लोकांनी नुसते हात जोडलेत. ते येऊन राहिलेत की नाही? केटरर ताटांचा आकडा मागतोय.