मदत हवी आहे: विलिस फ्लॅटहेडचं टायमिंग बसत नाही, डिस्ट्रिब्युटर ब्लॉकला अडतोय

मंडळी, तीन रविवार गेले, आता हात टेकले.

गाडी १९४६ ची विलिस सीजे-२ए, इंजिन चार सिलेंडरचं एल-१३४ फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्येच बाजूला), वायरिंग अजून ६ व्होल्टचंच. इंजिन तापलं की आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा झोपायचा, म्हणून ऑइल पंप उतरवला, आतून दुरुस्त केला, नवं पॅकिंग घालून परत चढवला. बाकी कशाला हात लावला नाही. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगीची वीज वाटणारा भाग; ती वेळ म्हणजेच टायमिंग) तर जागचा हलवलाही नव्हता.

त्यानंतर गाडी सुरूच होईना. शेवटी क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडा थोडा फिरवत गेलो, तेव्हा कुठे इंजिन बोललं. पण ओढ नाही. चढ आला की दम टाकते, पाणी लवकर तापतं, अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके. अजून थोडा फिरवला तर बरं वाटेल असं कान सांगतो, पण डिस्ट्रिब्युटरची बॉडी ब्लॉकला टेकली आहे. पुढे जागाच नाही.

स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून पाहिला (त्याला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी जोडावी लागली). फ्लायव्हीलवर ठिणगी ‘आयजीएन’ खुणेला पडायला हवी, ती ‘टीसी’ (पिस्टन सगळ्यात वर असतानाची खूण) ओलांडून गेल्यावर पडते आहे. खुणांवर भरवसा नव्हता, म्हणून एक नंबरच्या प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टन चाचपायचा प्रयत्न केला. तार काही वर येईना. वायरी ठिणगीच्या क्रमाने १-३-४-२ अशाच आहेत, दोनदा तपासल्या.

डिस्ट्रिब्युटरला हात न लावता टायमिंग बिघडलं कसं? की टायमिंग चेन घसरली?

प्रतिसाद १

चेनच्या मागे लागण्याआधी सीबी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधला स्विच, उघडला की ठिणगी पडते) गॅप बघा. ०.०२० इंच हवा, आणि तो टायमिंगच्या आधी लावायचा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग आपोआप पुढे सरकतं. कमी झाला की मागे. टायमिंग लावून झाल्यावर गॅप लावणारे लोक मी पाहिले आहेत, मग दिवसभर गोल गोल फिरत बसतात. रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा वीज वाटणारा हात) हाताने फिरवून सोडा, स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. नाही आला तर आतली अॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) वजनं जाम आहेत.

कार्ब्युरेटरला मात्र हात लावू नका. पाणी तापतंय ते टायमिंग मागे असल्यामुळेच. जाळ उशिरा लागतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत जळणं चालूच असतं, आणि फ्लॅटहेडमध्ये ती सगळी आग ब्लॉकमधल्याच वाटेने बाहेर पडते. तिथली उष्णता थेट पाण्यात.

धागाकर्ता

गॅप ०.०१८ होता, ०.०२० केला. रोटर झटकन परत येतो. किंचित फरक पडला, पण बॉडी अजून ब्लॉकला टेकलेलीच.

प्रतिसाद २

अहो, उत्तर तुमच्याच पहिल्या परिच्छेदात आहे. पंप उतरवलात!

या इंजिनात कॅमशाफ्ट ऑइल पंपाला फिरवतो आणि डिस्ट्रिब्युटरची जीभ पंपाच्या शाफ्टच्या खाचेत बसते. म्हणजे डिस्ट्रिब्युटरला चालवणारा पंपच. तो परत चढवताना गिअरचा एक दात इकडचा तिकडे झाला, की रोटर तेवढा मागे राहतो. डिस्ट्रिब्युटर जागेवर असून काय उपयोग?

चेन घसरली असती तर व्हॉल्व्हचंही टायमिंग बिघडलं असतं, नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवून इतकं सुधारलं नसतं.

प्रतिसाद ३

पंप कशाला उतरवता, कॅपवरच्या वायरी एक एक घर सरकवा. काम झालं.

प्रतिसाद २

नाही होणार. एक घर म्हणजे रोटरचे ९० अंश. एक दात त्याहून बराच कमी. वायरी सरकवल्या तर बॉडी दुसऱ्या बाजूला अडेल.

धागाकर्त्यांनी असं करावं. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा, कुणाला तरी हँडल सावकाश फिरवायला सांगा. अंगठा ढकलला गेला की कॉम्प्रेशन स्ट्रोक. तार घालून काही कळणार नाही, फ्लॅटहेडमध्ये प्लग व्हॉल्व्हच्या बाजूला असतो, पिस्टनच्या डोक्यावर नसतो. मग ‘आयजीएन’ खूण समोर आली की थांबा. ती ‘टीसी’च्या ५ अंश आधी आहे. पुढे गेलात तर उलटं फिरवून जुळवू नका, बरंच मागे जाऊन परत पुढे या, नाहीतर चेनचा आणि गिअरचा ढिलेपणा आकड्यात शिरतो.

आता डिस्ट्रिब्युटर काढा, टॉर्च लावून त्याच्या भोकात बघा. तळाशी पंपाची खाच दिसेल. ती मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते, म्हणून जीभ एकाच तऱ्हेने बसते. पंप उतरवून एक दात पुढे घ्या. गिअर तिरप्या दातांचा आहे, आत सरकताना शाफ्ट थोडा फिरतो. तेवढा आधीच मागे धरून घाला. दोन-तीनदा चुकेल, चिडू नका.

शेवटी ६ व्होल्टचा बल्ब पॉइंटच्या वायरीला आणि बॉडीला जोडा, इग्निशन चालू करा, बॉडी फिरवा. बल्ब लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथे क्लॅम्प आवळा.

धागाकर्ता

झालं! चौथ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी खाच पार भलतीकडे गेली, दुसऱ्या वेळी पॅकिंग फाटलं. आता बॉडी मोकळी आहे, दोन्हीकडे फिरते. बल्ब ‘आयजीएन’वर लागतो. अर्ध्या हँडलला सुरू झाली, चढावर दम टाकत नाही, पाण्याचा काटाही जागेवर.

एकच शंका राहिली. स्ट्रोबमध्ये खूण एका जागी ठरत नाही, दोन-तीन अंश थरथरते. रोटरचा शाफ्ट बाजूला हलवून पाहिला तर किंचित खेळ लागतो. बुश (शाफ्टला धरून ठेवणारं आतलं कडं) गेलं समजायचं का?

प्रतिसाद १

हो, बुशच. शाफ्ट हलला की गॅप प्रत्येक कॅमला वेगळा होतो, मग टायमिंगही. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढायचाच आहे तर आधी बॉडीवर आणि ब्लॉकवर छिन्नीने खूण करा. या वेळी पंपाला हात लावू नका.