घरी बनवलेल्या केबल टेस्टरचे चारही दिवे लागतात, तरी नेटवर्क चालू होत नाही

प्रश्न (खानापूर):
नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात चार संगणक आहेत. केबल बिघडली की बेळगावहून माणूस बोलवावा लागतो आणि पावसाळ्यात तो येईपर्यंत दोन-दोन दिवस काम अडते. म्हणून मी ९ व्होल्टची बॅटरी, दोन आरजे-४५ सॉकेट (नेटवर्क केबलचे टोक बसते ती आठ पिनांची खाच), चार एलईडी आणि ४७० ओहमचे चार रेझिस्टर घेऊन टेस्टर बनवला. केबलमध्ये आठ तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्यांत असतात. एका डबीत प्रत्येक जोडीच्या पांढऱ्या पट्ट्याच्या तारेला रेझिस्टरमधून धन आणि रंगीत तारेला ऋण टोक दिले असून, दुसऱ्या डबीत प्रत्येक जोडीवर एक एलईडी बसवला आहे. काल नव्याने क्रिंप केलेल्या (टोकाला कनेक्टर दाबून बसवलेल्या) केबलवर चारही दिवे लागले, परंतु ती संगणकाला लावल्यावर नेटवर्क मिळत नाही. माझे कुठे चुकले असावे?

उत्तर (निपाणी):
आपले सोल्डरिंग ठीक दिसते. उणीव मांडणीत आहे. चारही पांढऱ्या तारांवर एकदम धन टोक असल्यामुळे त्यांतल्या दोन तारांची आपसात अदलाबदल झाली, तरी दोन्हींवर धनच पोहोचते आणि दिवे बिनदिक्कत लागतात. यासाठी दोन पोलचा रोटरी स्विच (एकाच वेळी दोन तारा बदलणारा फिरता स्विच) घ्या आणि एका वेळी एकाच जोडीला धन व ऋण अशी दोन्ही टोके द्या, म्हणजे बाकीच्या सहा तारा मोकळ्या राहतील. स्विच सहा जागांचा मिळाला तरी चालेल, दोन जागा रिकाम्या सोडाव्यात. चार जागांवर पिनांच्या जोड्या १-२, ३-६, ५-४, ७-८ अशा ठेवा. रेझिस्टर आता एकच पुरेल. दोन पायांचा दुरंगी एलईडी वापरल्यास जोडीतल्या तारा उलट झाल्याचेही रंगावरून कळेल.

प्रश्नकर्ता (खानापूर):
स्विच बसवला. पहिल्या दोन्ही जागांवर अंधार, पुढच्या दोन्हींवर दिवा लागला. भिंगातून कनेक्टर पाहिला, तेव्हा एका टोकाला पांढरी-नारिंगी तार तिसऱ्या आणि पांढरी-हिरवी पहिल्या पिनवर गेलेली दिसली. ते टोक कापून पुन्हा क्रिंप केले आणि संगणक लगेच जोडला गेला. मनापासून आभार.

उत्तर (बेळगाव):
एक गोष्ट मात्र या टेस्टरला कधीच कळणार नाही. दोन्ही टोकांना तारा नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा सरळ जोडीने लावल्या, तर प्रत्येक पिन समोरच्या त्याच पिनला मिळते आणि चारही दिवे लागतात. प्रत्यक्षात ३ व ६ या पिना दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारांवर जातात, पिळाचा उपयोग संपतो आणि लांब केबलवर वेग घसरतो किंवा जोडणी तुटत राहते. म्हणून क्रिंप करण्यापूर्वी पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी हा क्रम कनेक्टरच्या पारदर्शक बाजूने डोळ्यांनी पडताळावा. शिवाय, केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या नेटवर्क स्विचच्या (अनेक उपकरणे जोडणाऱ्या डबीच्या) केबलवर ४८ व्होल्टच्या आसपास विजेचा दाब असू शकतो, त्यामुळे केबल दोन्ही टोकांनी सोडवल्याशिवाय टेस्टरला लावू नये.