मदत हवी आहे: टॅग हलत नाही, मासा मेला की डोहात बसलाय?

कावेरीत गळाने धरून सोडलेल्या महाशीरांना बाहेरून रेडिओ टॅग (मासा कुठे आहे ते सिग्नलने कळवणारे छोटे ट्रान्समीटर) लावायचे आहेत. टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत, म्हणजे ३ किलोच्या माशाला जास्तीत जास्त ६० ग्रॅम. पाठीवरच्या पराखाली दोन पोकळ सुया आरपार घालून वायर ओवायची, पलीकडे चकती. वायर आवळली तर कातडी कापते, सैल राहिली तर शेवाळ अडकतं.

खरी अडचण पुढेच. सिग्नल दोन दिवस एकाच जागी असेल तर मासा मेला, टॅग निसटला की नुसता थांबलाय? मेलेला मासाही धारेबरोबर खाली वाहतो, म्हणून प्रवाहाविरुद्ध वर गेला तरच तो जिवंत धरणार. हालचाल थांबली की सिग्नलच्या ठोक्यांचा वेग बदलणारा टॅगमधला सेन्सर किती तासांवर लावता? आणि टॅगचाच त्रास वेगळा मोजायला तुलनेचे मासे कसे धरता? कृपया नेमकं सांगा.